शब्दांचा पोत : जाहिरात आणि राजकारण यांतील प्रचारतंत्राची ओळख

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



कापडाच्या दुकानात ताका उलगडला की जाणती गृहिणी प्रथम कापड चिमटीत धरते. मग ते उजेडाकडे नेऊन पाहते, उलटी बाजू तपासते, मुठीत चुरगळून सुरकुती राहते का ते बघते आणि ‘रंग जाईल का, आटेल का’ असे दोन प्रश्न हमखास विचारते. पारखी ग्राहक त्याच्याही पुढे जातो. तो कडेचा एक धागा ओढून जाळून पाहतो. सुताचा वास जळत्या कागदासारखा येतो, अस्सल रेशमाचा जळत्या केसासारखा येतो, आणि पॉलिएस्टर असेल तर धागा वितळून त्याची कडक गोळी होते. दोन मीटर अस्तरासाठी एवढी चिकित्सा करणारी तीच व्यक्ती पाच वर्षांसाठी आपले मत देताना, घरच्या आजारावर औषध घेताना किंवा एखाद्या संपूर्ण समाजाविषयी कायमचे मत बनवताना मात्र समोर आलेल्या शब्दांची उलटी बाजू पाहत नाही. शब्दांचा पोत कसा तपासावा, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

‘प्रोपगंडा’ हा शब्द मुळात वाईट नव्हता. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी रोम येथे एक मंडळ स्थापन केले, त्याच्या लॅटिन नावातून हा शब्द पुढे आला. प्रसार करणे, पसरविणे एवढाच त्याचा अर्थ. त्याला वाईट वास लागला तो पहिल्या महायुद्धात. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली तेव्हा जॉर्ज क्रील यांच्या प्रमुखत्वाखाली सरकारी प्रचार समिती नेमली गेली. चित्रपटगृहांत रीळ बदलताना जो अवकाश मिळे, तेवढ्यात चार मिनिटांचे भाषण करणारे सुमारे ७५ हजार स्वयंसेवक या समितीने देशभर उभे केले. युद्ध संपल्यावर त्या काळी ऐकलेल्यापैकी बरेच काही अतिरंजित होते हे लोकांच्या ध्यानी आले. शिवाय, ज्या युक्तीने युद्ध खपले त्याच युक्तीने साबण आणि सिगारेटही खपू शकते, हे व्यापारी जगाच्याही ध्यानी आले. एडवर्ड बर्नेज हे त्या समितीत काम केलेले गृहस्थ. त्यांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींच्या हाती पेटत्या सिगारेटी देऊन त्यांना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ असे नाव दिले. वर्तमानपत्रांनी ते छायाचित्रांसह छापले. त्यामागे एका तंबाखू कंपनीचा पैसा आहे, हे मात्र बघ्यांना ठाऊक नव्हते.

या मायाजालाची चिकित्सा लोकांना शिकवावी, असे ज्यांच्या मनाने घेतले त्यांत एक व्यापारी होते, ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. एडवर्ड फिलीन हे बोस्टन शहरातील तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानाचे मालक. त्यांच्या दुकानाच्या तळघरात प्रत्येक वस्तूवर तारखेची चिठ्ठी असे, ठरावीक दिवसांनी भाव आपोआप उतरे आणि तरीही न विकलेला माल धर्मादाय संस्थांना दिला जाई. ग्राहकापासून काही लपविलेले नसे. हेच फिलीन १९०७ मध्ये भारतात आले होते. येथील ग्रामीण सहकारी पतसंस्थांचे काम पाहून ते प्रभावित झाले आणि पुढे अमेरिकेत पतसंस्थांच्या चळवळीचे आधारस्तंभ बनले. त्यांच्या देणगीतून आणि कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित प्राध्यापक क्लाइड मिलर यांच्या पुढाकाराने १९३७ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रचार-विश्लेषण संस्था उभी राहिली. संस्थेचे कार्य सुरू होण्याच्या सुमारास, सप्टेंबर १९३७ मध्ये, फिलीन यांचे निधन झाले. परंतु संस्थेने त्याच वर्षी प्रचाराच्या सात युक्त्यांची जी यादी प्रसिद्ध केली, ती आजही जगभर शिकवली जाते. त्या युक्त्यांचा क्रमाने परामर्श घेणे उचित ठरेल.

पहिली युक्ती म्हणजे वाईट नाव देणे. माणसाचे म्हणणे खोडून काढण्याऐवजी त्याला एक दूषण चिकटवायचे, म्हणजे त्याचे म्हणणे ऐकण्याची गरजच उरत नाही. व्यापारी समाजाने तर या युक्तीचा इतिहास विसरताच कामा नये. १ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत नाझी पक्षाचे गणवेशधारी ज्यू व्यापाऱ्यांच्या दुकानांसमोर उभे राहिले. काचांवर खुणा रंगवण्यात आल्या आणि येथे खरेदी करू नका असे फलक लागले. त्या दुकानांचा माल खराब होता काय, मापात खोट होती काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. नाव पुरेसे होते. १ जानेवारी १९३९ पासून तर ज्यूंना दुकान चालविण्यासच बंदी झाली आणि पुढे जे घडले ते जगाला ठाऊक आहे. रवांडा या आफ्रिकी देशात १९९४ साली एक रेडिओ केंद्र तुत्सी समाजाचा उल्लेख ‘झुरळे’ असा करीत असे. सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. माणसाला किड्याचे नाव दिले की त्याला चिरडताना हात थरथरत नाही. म्हणून एखाद्या समूहासाठी असा शब्द कानी पडताच सुज्ञाने थांबावे आणि विचारावे, ‘हे नाव बाजूला ठेवले, तर आरोप काय उरतो?’

दुसरी युक्ती पहिलीच्या उलट, म्हणजे चकाकते शब्द. शुद्ध, नैसर्गिक, राष्ट्रहित, विकास, परिवर्तन हे शब्द इतके गोड आहेत की त्यांना नकार देणे अशक्य, आणि इतके मोघम आहेत की त्यांचा हिशेब मागणेही अशक्य. कापडाला खळ घातली की विरळ पोतही भरदार लागतो, पहिल्या धुण्यात ती निघून जाते आणि खरे वजन कळते. चकाकत्या शब्दांचेही तसेच असते. १९७१ च्या निवडणुकीत काँग्रेसची ‘गरिबी हटाओ’ ही घोषणा देशभर दुमदुमली आणि पक्षाला मोठे यश मिळाले. २००४ च्या निवडणुकीपूर्वी भाजपप्रणीत सरकारने ‘इंडिया शायनिंग’ची मोहीम राबवली आणि त्या निवडणुकीत सत्ता गेली. एक घोषणा फळली, दुसरी फळली नाही. परंतु किती वर्षांत, कोणत्या मार्गाने, किती खर्चाने, याचे उत्तर दोन्ही घोषणांच्या शब्दांत नव्हते. ते मतदाराने स्वतः मागायचे असते.

तिसरी युक्ती उसन्या प्रतिष्ठेची. जे पूज्य आहे त्याच्या शेजारी आपला माल ठेवायचा, म्हणजे पूज्यभाव मालावर उतरतो. कापडबाजारात याचे उदाहरण शंभर वर्षांहून जुने आहे. मँचेस्टरचे कापड भारतात येई तेव्हा त्याच्या ताग्यांवर देवदेवतांची आणि राजेमहाराजांची रंगीत छापील चित्रे डकवलेली असत. सूत लँकेशायरच्या गिरणीतले आणि चित्र मात्र लक्ष्मीचे किंवा कृष्णाचे! अनेक घरांत ती चित्रे जपून ठेवली जात. पुढे स्वदेशीच्या काळात देशी गिरण्यांच्या लेबलांवर भारतमाता आणि नेत्यांची चित्रे आली. स्वतंत्र भारताने १९५० मध्येच बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला आळा घालणारा कायदा केला. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांची नावे वा चित्रे सरकारी परवानगीवाचून व्यापारासाठी वापरता येत नाहीत, ती त्या कायद्यान्वये. निवडणुकीत धर्म वा जात यांच्या नावाने मते मागणे आणि धार्मिक चिन्हांचा वापर करणे हा लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार भ्रष्ट आचार ठरतो, त्यामागेही हाच विचार आहे. श्रद्धा खरीच असते, पण तिचा पत्ता बदललेला असतो.

चौथी युक्ती नामवंतांच्या शिफारशीची. लक्स साबणाच्या जाहिरातीत १९४१ मध्ये लीला चिटणीस झळकल्या. हिंदी चित्रपटातील अभिनेत्रीने साबणाची शिफारस करण्याची परंपरा तेथून रूढ झाली आणि आजतागायत टिकून आहे. साबणापुरते हे फारसे अपायकारक नाही. परंतु अमेरिकेत १९४६ पासून कॅमल सिगारेटच्या जाहिराती पांढऱ्या कोटातील डॉक्टरांची चित्रे छापून सांगत होत्या की, अन्य कोणत्याही सिगारेटपेक्षा डॉक्टर हीच अधिक ओढतात. धूम्रपानाने फुफ्फुसाचा कर्करोग होतो असे अमेरिकेच्या सर्जन जनरलनी १९६४ च्या अहवालात जाहीर केले. मधल्या काळात त्या पांढऱ्या कोटावर विश्वास ठेवणाऱ्यांची भरपाई कोणी करायची? भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्या व्यक्तीलाही जबाबदार धरले आहे. पहिल्या चुकीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढच्या चुकांना ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही साधा प्रश्न ग्राहकाने स्वतःच विचारावा : या गृहस्थांना या विषयातले काय कळते, आणि हे सांगण्याचे त्यांना काय मिळते?

पाचवी युक्ती ‘आम्ही तुमच्यातलेच’ ही. अमेरिकेत १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांचा प्रचार ‘लाकडी झोपडीतला साधा माणूस’ असा केला गेला. मिरवणुकांत झोपड्यांच्या प्रतिकृती फिरल्या. प्रत्यक्षात हॅरिसन व्हर्जिनियातील धनाढ्य जमीनदार घराण्यात जन्मले होते आणि त्यांचे वडील अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. हॅरिसन निवडून आले. तेव्हापासून आजपर्यंत निवडणूक जवळ आली की नेते टपरीवर चहा पितात, शेतात विळा धरतात, झोपडीत जेवतात, आणि छायाचित्रकार नेमका तेथे हजर असतो. एखादा नेता खरोखरच साध्या घरातून आलेला असू शकतो, नव्हे अनेक आलेले आहेत. पण कारभाराची परीक्षा जेवणाच्या ताटावरून होत नसते.

सहावी युक्ती सर्वांत कठीण, कारण तिच्यात एकही वाक्य खोटे असावे लागत नाही. इंग्रजीत तिला पत्ते लावून ठेवण्याची उपमा देतात. सोयीचे तेवढे मांडायचे आणि गैरसोयीचे झाकायचे. ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ या पाटीत ‘पर्यंत’ हा शब्द बारीक असतो, आणि कोपऱ्यातल्या चार नगांवर ५० टक्के सूट असली तरी पाटी खरीच ठरते. व्यापारात बसलेल्यांनी येथे प्रामाणिकपणे मान्य करावे की ही पाटी परक्या गल्लीतच लागते असे नाही. राजकारणात सत्ताधारी सोयीचे वर्ष धरून आकडा सांगतात आणि विरोधक दुसरे वर्ष धरून. दोन्ही आकडे खरे असू शकतात. अनेकांताची शिकवण लहानपणापासून ऐकलेल्या समाजाला हे वेगळे सांगावे लागू नये. एक बाजू हेच संपूर्ण सत्य म्हणून पुढे आले, की दुसरी बाजू कोणी आणि का झाकली हे विचारणे क्रमप्राप्त ठरते.

सातवी आणि शेवटची युक्ती म्हणजे ‘सारे निघाले, मागे राहू नका’. पूर्वी अमेरिकेत सर्कशीच्या मिरवणुकीत पुढे वाजंत्र्यांची गाडी असे आणि लोक तिच्यामागे धावत, त्यावरून तिचे इंग्रजी नाव पडले. ‘देशातील सर्वाधिक पसंतीचा’, ‘शेवटचे काही नग शिल्लक’, ‘यंदा लाट आहे’ ही सारी तिचीच रूपे. मतदान सर्वत्र पूर्ण होईपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास २००९ च्या कायदादुरुस्तीने बंदी घातली गेली, ती याच कारणाने. गर्दी कोठे चालली आहे हे कळले की माणूस आपला विचार सोडून गर्दीचा विचार उचलतो.

या सात युक्त्या सुट्या क्वचितच येतात. त्या एकमेकींत विणल्या जातात, आणि तसे झाले की काय होते याचे एक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्याची अफवा भ्रमणध्वनींवरून देशभर फिरत होती. तिच्याबरोबर एक चित्रफीतही फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, असे तिच्यात दिसे. ती मुळात पाकिस्तानातील कराची येथे पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली चित्रफीत होती. मूळ फितीत शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. दाखवलेले प्रत्येक दृश्य खरे होते, झाकलेल्या काही क्षणांनी ते असत्य झाले. त्याच वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्याच्या बाजूचे भटके लोक होते. ‘मुले पळवणारे’ हे नाव त्यांना चिकटले, आणि गर्दीत शिरलेल्याला नाव खरे की खोटे हे विचारण्याची गरज वाटली नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा योग्यच होती, पण त्या पाच घरांतील माणसे परत आली नाहीत.

ती अफवा पुढे पाठवणारे बहुतेक जण दुष्ट नव्हते. आपल्या नातवंडांच्या काळजीने, इतरांचे भले व्हावे म्हणून त्यांनी बोट दाबले. प्रचार वाईट माणसांच्या बळावर चालत नाही, तो चांगल्या माणसांच्या घाईवर चालतो.

आता उरतो सर्वांत अवघड मुद्दा. ज्या संस्थेने या सात युक्त्या सांगितल्या, तिने १९३९ मध्ये एक अभिनव ग्रंथ प्रसिद्ध केला. चार्ल्स कॉफलिन नावाचे कॅथलिक धर्मोपदेशक त्या काळी रेडिओवरून अमेरिकेत लाखो श्रोत्यांना भारून टाकत आणि ज्यूंविरुद्ध विष पेरीत. संस्थेच्या अभ्यासकांनी त्यांची भाषणे छापून, जेथे जी युक्ती वापरली तेथे तिची खूण छापली. वाचकाला उपदेश न करता नुसत्या खुणांनी त्याचे डोळे उघडावेत, ही कल्पना मोठी मार्मिक होती. परंतु डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका स्वतः महायुद्धात उतरली आणि १९४२ च्या आरंभी संस्थेने आपले काम थांबवले. शत्रूच्या प्रचाराची चिरफाड सर्वांना हवी होती, पण त्याच मापाने आपल्या सरकारच्या प्रचाराची चिरफाड युद्धकाळात पेलणारी नव्हती. न्याय्य बाजूने लढणाऱ्या देशातही असे घडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

याचा अर्थ सरळ आहे. प्रतिपक्षाच्या भाषणातील लबाडी ओळखण्यासाठी कोणतेही शिक्षण लागत नाही, तो राग आपोआप शिकवतो. खरी कसोटी आहे ती आपल्याला आवडणाऱ्या पक्षाच्या, आवडत्या नेत्याच्या, आपल्या ज्ञातीची स्तुती करणाऱ्या आणि आपल्या दुकानातील मालाच्या शब्दांची. तराजू दुसऱ्याचा माल मोजताना अचूक आणि स्वतःचा मोजताना सैल असेल, तर तो तराजू नव्हे.

तेव्हा करावे काय? उपाय साधे आहेत. रविवारी सकाळी घरातील मुलांना घेऊन वर्तमानपत्र उघडावे आणि हाती पेन्सिल घ्यावी. एक जाहिरात, एका आवडत्या नेत्याचे भाषण आणि एका नावडत्या नेत्याचे भाषण निवडावे. जेथे दूषण दिसेल, चकाकता शब्द दिसेल, उसनी प्रतिष्ठा दिसेल, तेथे समासात खूण करावी. दोन्ही भाषणांवर सारख्याच कठोरपणे खुणा झाल्या की नाही, हे मुलांनाच ठरवू द्यावे. निवडणुकीच्या काळात पत्रक हाती आले तर खाली मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता आहे का ते पाहावे. कायद्यानेच ते बंधनकारक आहे, आणि ज्या पत्रकाला बाप नाही ते पुढे सरकवू नये. भ्रमणध्वनीवर एखादा संदेश वाचून संताप किंवा भीती उसळली, तर तो संदेश एक रात्र तसाच ठेवावा. आता तर संगणकाने हुबेहूब चेहरा आणि आवाजही बनवता येतो, म्हणून डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले एवढ्याने खात्री मानू नये. हे प्रथम कोणी सांगितले, त्याला यातून काय मिळते, काय सांगायचे राहिले आहे आणि आजच ठरवण्याची घाई कशासाठी, हे चार प्रश्न पुरेसे आहेत.

याचा अर्थ प्रत्येक शब्दावर संशय घ्यावा असा मुळीच नाही. सगळ्यांवर अविश्वास ठेवणारा माणूसही फसतोच, कारण खरे सांगणाऱ्याचेही तो ऐकत नाही. रक्तदानाचे आवाहन, पोलिओ डोसाचा फलक, पाणी वाचवण्याची हाक हाही प्रचारच आहे, पण तो आपली उलटी बाजू दाखवायला घाबरत नाही. चांगला ताका उलटा करून पाहिला म्हणून दुकानदार रागावत नाही. जो रागावतो, त्याचा माल ग्राहकाने दुसऱ्यांदा तपासावा.

राईनपाड्याच्या त्या बाजारात एका जरी माणसाने मोठ्याने ‘थांबा, आधी विचारू या’ असे म्हटले असते आणि त्याचे ऐकले गेले असते, तर पाच माणसे आपापल्या पालावर परतली असती. असा थांबणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात तयार व्हावा, एवढीच सुवर्णमहोत्सवी वर्षातील सदिच्छा.